पेठ बदलायचा हंगाम

मे महिना अर्धा सरला की आमच्या अपार्टमेंटमागच्या मैदानावर नारिंगी शंकू मांडले जातात. मैदान शाळेचं आहे. एरवी संध्याकाळी तिथं कुणी कुत्रं फिरवतं, आपली मुलं टेनिस बॉलनं क्रिकेट खेळतात. पण या दिवसांत गवत कापायचं यंत्र दुपारीच येऊन जातं, आणि संध्याकाळी मी गॅलरीचं दार उघडलं की कापलेल्या गवताचा हिरवा, ओलसर वास थेट माझ्या कणकेच्या परातीपर्यंत येतो. मग शिट्टी. मग पाठीवर नंबर लावलेल्या मुलींचा गलका. सिग्नलपाशी, वळणावर, तारेच्या पायांवर उभ्या केलेल्या पाट्या दिसायला लागतात: गर्ल्स ट्रायआउट्स, म्हणजे संघात घ्यायच्या मुलींची निवड चाचणी. डॅलसजवळच्या आमच्या या फ्रिस्कोमधल्या ज्या घरात फुटबॉल खेळणारी मुलगी आहे, त्या घरात या दिवसांत आमटीत मीठ दोनदा पडतं.

आमच्या घरात यंदा ट्रायआउट नाही. तरी शिट्टी वाजली की माझा हात परातीत थांबतोच. आणि नेमका परवा मंजिरीचा फोन आला. मंजिरी पुण्याची, नवरा-बायको दोघं सॉफ्टवेअरमध्ये. तिची अन्वी याच मैदानावरच्या क्लबात खेळते, आता आठवी संपवतेय आणि दुसऱ्या दोन क्लबांनी तिला बोलावलंय. "सुरेखाताई, तुम्ही यातून गेलाय," ती म्हणाली. "मला एवढंच सांगा, मुलीला कॉलेजमध्ये खेळायचं असेल तर कुठली लीग घ्यायची?"

विचार करून सांगते म्हणाले. तेव्हापासून विचारच करतेय. मी इथल्या एका इंडियन ग्रोसरीच्या मागच्या किचनमध्ये चपात्या करते. पाकिटावर त्यांना पोळी म्हणतात, कारण घेणारे बरेचसे पुण्याचे. हात लाटत असतात तेव्हा डोकं मोकळं असतं, आणि माझं डोकं मोकळं असलं की ते नसत्या चौकश्या करत फिरतं. आता ते फिरत फिरत त्या मे महिन्यात जाऊन बसलंय, ज्या मे महिन्यात माझी ईश्वरी आठवी संपवत होती.

इथं लीगला नाव नसतं, अक्षरं असतात. ओळीनं तीन-चार अक्षरं, गाडीच्या नंबरप्लेटसारखी. त्यातली एक लीग देशभर खेळते, मुली विमानानं सामन्यांना जातात. एक आपल्या राज्यापुरती, एक त्याहून धाकटी. कॉलेजांचे कोच मोठ्या लीगच्या मेळाव्यांना येतात, खुर्च्या टाकून बसतात आणि हव्या त्या मुली हेरतात, असं सांगतात. मैदानाच्या कडेला बसलेले आईबाप याच्यावर तासन् तास बोलू शकतात. एक म्हणतो, मोठ्या लीगमध्ये नसलात तर तुम्ही कुणाला दिसतच नाही. दुसरी म्हणते, तिथं जाऊन बाकावर बसलात तर कुणाला दिसता? तिसरा म्हणतो, पुढच्या वर्षी ही अक्षरंच बदलणार आहेत. मी सगळ्यांचं ऐकायची आणि सगळ्यांना विचारायची. बाकावरच्या मुलीला कोच काय सांगतो? कॉलेजवाल्यांना खेळ आवडला हे कळतं कसं? मैदानावरच्या बावीस जणींतली एकच कशी दिसते? शाळा लवकर सुटली की विचारायचे राहिलेले प्रश्न अंगात तसेच राहतात. मला कुणी हसलं नाही. एका उंच गोऱ्या आजोबांनी तर घडीच्या खुर्चीच्या हातावर बोटानं आकृती काढून मला ऑफसाइड समजावलं. दर शनिवारी थोडं थोडं. त्यांची नात गोलकीपर होती.

गंमत अशी की फुटबॉल मला नवीन नव्हता. मी कोल्हापूरची. आमच्या गावात फुटबॉल पेठेचा असतो. ज्या पेठेत जन्मलात त्या पेठेच्या तालमीचा संघ तुमचा, मरेपर्यंत. त्यात निवडायचं काही नसतं, जसं आडनाव निवडायचं नसतं. हंगाम आला की गल्लीत पताका लागायच्या, हलगी कडाडायची, आणि माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या खानावळीत जेवायला येणारी पोरं घास हातात धरून भांडायची. मुलींनी स्टेडियमवर जायची मात्र पद्धत नव्हती. मी आतल्या खोलीत भाकरी थापत बसायची. स्टेडियम घराच्या मागं, चार गल्ल्या सोडून. घरांच्या पत्र्यांवरून आवाज यायचा. अलीकडच्या अंगानं उठला की आपला गोल, पलीकडून उठला की त्यांचा. मी तव्यावरची भाकरी उलटत सांगायची, "आप्पा, त्यांनी मारला." आणि आप्पा रश्श्यात एक पळी तिखट जास्त घालायचे. इतके सामने मी असे ऐकले, पण चेंडू गवतावरून जाताना कसा दिसतो ते लग्नाआधी कधी पाहिलं नाही.

आमचे हे पलीकडच्या पेठेतले. लग्नात त्यांच्या मित्रांनी मुद्दाम त्यांच्या संघाचा झेंडा मांडवात आणला होता, आणि माझा भाऊ पंगतीतून उठून गेला होता. ती गोष्ट आमच्या घरात अजून दर दिवाळीला निघते. पुढं अमेरिकेतल्या माझ्या नणंदेनं आमचे इकडं यायचे कागद केले, खूप वर्षांनी आमचा नंबर लागला, आणि लहानग्या ईश्वरीला घेऊन आम्ही टेक्सासला आलो. हे एअरपोर्टच्या कार्गोत लागले, मी चपात्यांना.

ईश्वरी पहिलीत असताना मागच्या मैदानावर एलेना आली. एलेना म्हणजे कोच. मेक्सिकोतून तिचे आईवडील आलेले. इंग्रजी सावकाश बोलते, म्हणून मला पहिल्या दिवसापासून तिचं कळत आलं. तिचा क्लब छोटा, राज्यापुरत्या लीगमध्ये खेळणारा. आम्हा दोघांची शिफ्ट असली की तीच ईश्वरीला तिच्या जुन्या व्हॅनमधून सामन्यांना न्यायची. व्हॅनमध्ये कायम संत्र्याच्या सालीचा आणि ओल्या मोज्यांचा वास. ईश्वरीचं नाव तिनं पहिल्याच आठवड्यात नीट शिकून घेतलं. बाकी सगळे तिला इश म्हणतात; एलेना पूर्ण म्हणते, जरा लांबवून, शेवटचा ईकार वर उचलून.

त्या मे महिन्यात मोठ्या क्लबचं बोलावणं आलं. देशभर खेळणाऱ्या लीगमधला संघ, डॅलसच्या पार दुसऱ्या टोकाला. ट्रायआउटला ईश्वरी मैत्रिणीबरोबर सहज म्हणून गेली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी जागा देऊ केली आणि आठवड्याच्या आत उत्तर मागितलं.

घरातली हवाच बदलली. मंजिरीच्या नवऱ्यानं संध्याकाळी येऊन लॅपटॉपवर रंगीत रकाने दाखवले. कुठल्या लीगमधून किती मुली कुठल्या कॉलेजांत गेल्या ते. मी मान हलवत होते, पण मला दिसत होतं ते एक लोखंडी फाटक. कोल्हापुरात खानावळीचे डबे पोचवायला मी कॉलेजच्या हॉस्टेलवर जायची. वॉचमन आत सोडायचा नाही. डबे फाटकाच्या गजांतून आत द्यायचे आणि रिकामे तिथूनच घ्यायचे. आतून मुलींच्या हसण्याचे आवाज यायचे, कुणीतरी मोठ्यानं पाठ करत असायचं. कॉलेजशी माझी ओळख तेवढी. आता कुणीतरी मला म्हणत होतं की हे आठवडाभरातलं उत्तर बरोबर दिलंस तर तुझी लेक त्या फाटकातून आत जाईल, आणि चुकलीस तर बाहेर राहील. आणि उत्तर द्यायला घरात होते कोण? नववीत शाळा सुटलेली मी, आणि आयटीआयपर्यंत शिकलेले हे. माझी झोप उडाली.

पण त्याहून वाईट गोष्ट दुसरीच होती. एलेनाला सोडायचं कसं? आमच्याकडं एका पेठेचा पोरगा दुसऱ्या पेठेच्या संघातून खेळला तर त्याच्या घरी लोक गणपतीच्या आरतीला जात नाहीत. आणि हिनं तर पोरीला व्हॅनमधून फिरवलंय, तापात घरी आणून सोडलंय. मी ह्यांना म्हणाले, अहो, हे बरोबर दिसत नाही. हे बूट काढत होते. मान वर न करता म्हणाले, "लई विचार करतीस. तू माझ्याशी लग्न केलंस तेव्हा तुझी पेठ बदललीच की. तुला विचारलं का कुणी, आता तू कुणाच्या बाजूनं?"

ते गमतीत बोलले. मी मात्र लाटणं धरून उभीच राहिले. खरंच, कुणी विचारलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात मी सासरच्या स्वयंपाकघरात होते आणि आवाज उठला तेव्हा मला दिशाच कळेना. घर बदललं होतं ना. आपला कुठला, त्यांचा कुठला, सगळं उलटं. पुरुषांची पेठ आयुष्यभर एकच असते. बायकांची बदलते, आणि त्याला कुणी गद्दारी म्हणत नाही. मग लेकीनं स्वतःहून बदलली तर मला एवढं का टोचत होतं?

खानावळीत आप्पांनी एक शिकवलं होतं. दुसऱ्याची खानावळ कशी आहे ते ताटावरून बघू नये. गिऱ्हाईक उठून गेल्यावर वाढपी काय जेवतात ते बघावं. म्हणून एका संध्याकाळी मी आणि ईश्वरी त्या मोठ्या क्लबचा सराव बघायला गेलो. ट्रॅफिकमध्ये अर्धी संध्याकाळ गेली. तिथं सगळंच मोठं. हिरवं प्लास्टिकचं गवत, त्यातून तापलेल्या रबराचा वास, मुलींच्या बॅगा एका रेषेत. मी बाकावरच्या मुली बघत होते. एक जण डोक्यावर टॉवेल घेऊन बसली होती, तिच्याकडं कुणी फिरकलं नाही. आणि दुसरीशी, तीही न खेळलेलीच, कोच सराव संपल्यावर कितीतरी वेळ पायाचा कोन करून दाखवत बोलत उभा होता. एका आईला विचारलं तर म्हणाली, आल्यापासून आमची मुलगी घरी हसत नाही. दुसरीला विचारलं तर म्हणाली, तीन कॉलेजांच्या कोचना आमच्या मुलीचं नाव माहीत आहे. आप्पांची परीक्षा तिथं काही चालेना. वाढपी दोन प्रकारचं जेवत होते.

परतीच्या वाटेवर ईश्वरी खिडकीबाहेर बघत होती. मी विचारलं, कसं वाटलं? "इट्स फाइन," म्हणाली. मी म्हणाले, फाइन म्हणजे? तिनं खांदे उडवले. तिच्या मांडीवर एलेनाच्या क्लबची जुनी बॅग होती आणि ती तिची चेन उघडत होती, लावत होती. मग मराठीत, "आई, एलेनाला तू सांगशील? मला नाही जमणार." तेव्हा मला कळलं की तिचं ठरलंय, आणि आम्ही दोघी एकाच गोष्टीला घाबरलोय.

इथं असं आईनं सांगायची पद्धत नसते, हे मला नंतर कळलं. खेळाडूनं स्वतः कोचला फोन करायचा असतो. आणि घरच्यांनी फार तर एखादं गिफ्ट कार्ड द्यायचं. मला यातलं ठाऊक नव्हतं. आमच्याकडं निरोपाच्या वेळी बाईला काय देतात तेवढं ठाऊक होतं. मी दुकानातून नारळ आणला, शेंडी ठेवून सोललेला. तांदूळ, सुपारी, नणंदेनं दिलेला मोरपंखी ब्लाउजपीस. हळदकुंकवाची कुयरी पर्समध्ये टाकली. शनिवारचा सामना संपल्यावर पार्किंगमध्ये, तिच्या व्हॅनपाशी गेले. ईश्वरी माझ्या मागं इतकी हळू चालत होती की जणू दुसऱ्या कुणाची तरी मुलगी.

ओटी जाणाऱ्या सुवासिनीची भरतात. इथं तर जाणार होतो आम्ही, आणि एलेनाचं लग्न झालंय की नाही हेही मी कधी विचारलेलं नव्हतं. पण त्या वेळी ते काही सुचलं नाही. मी तिला कुंकू लावलं. तिनं डोळे मिटून लावून घेतलं, तिच्या आईकडं देवळात असंच काहीतरी होत असावं. मग मी पदर पसरायची खूण केली, आणि पदर कुठला, तर तिनं खांद्यावरची, सरावात मुली शर्टावर चढवतात ती पिवळी जाळीची बिब काढून दोन्ही हातांत पसरली. त्यात तांदूळ पडले आणि निम्मे जाळीतून खाली गेले.

ईश्वरी कुजबुजली, "इट्स लाइक अ थँक यू. बट विथ अ कोकोनट."

एलेनानं नारळ उचलून कानाशी हलवला. आतलं पाणी वाजलं. "हे जाणाऱ्याला देतात की राहणाऱ्याला?" तिनं विचारलं.

मी इंग्रजी जुळवत होते. इतके दिवस पाठ केलेलं सगळं वाक्य गेलं. म्हणाले, "ईश्वरी गोइंग. अदर क्लब. आय ॲम सॉरी."

ती हसली नाही, रागावलीही नाही. व्हॅनचं मागचं दार उघडून तिनं मला आत बघायला सांगितलं. दाराच्या आतल्या बाजूला फोटो चिकटवलेले, उन्हानं फिके झालेले. सगळ्या मुली. प्रत्येकीच्या अंगात वेगळा, दुसऱ्याच कुठल्या तरी संघाचा शर्ट. "या सगळ्या माझ्या, आणि सगळ्या गेलेल्या," ती म्हणाली. "त्या क्लबला ईश्वरीचं नाव कुणी सांगितलं असं तुम्हाला वाटतं?"

मग ती ईश्वरीकडं वळली आणि म्हणाली, पुढच्या वेळी मला तू सांगायचंस, आईनं नाही. कॉलेजच्या कोचशीही तूच बोलायचंस. ईश्वरीनं मान हलवली आणि मग ती रडायला लागली, आणि एलेनानं तिला जवळ घेतलं तेव्हा मधे तो नारळ होता.

घरी येताना माझ्या डोक्यात आमच्या नववीच्या वर्गाच्या बाई आल्या. कित्येक वर्षांत आल्या नव्हत्या. आईला दम्यानं घेरलं आणि मी शाळेत जाईनाशी झाले, तेव्हा त्या एकदा भर दुपारी खानावळीत आल्या होत्या. आप्पांनी त्यांना पाटावर बसवून जेवायला वाढलं, आग्रह करकरून. बाई म्हणाल्या, हिला घालवा हो पुढं. आप्पा म्हणाले, बघू. बाईंनी ताट स्वच्छ केलं, मी भाकरी वाढली त्यासाठी माझ्याकडं बघून हसल्या, आणि गेल्या. मला आप्पांचा राग नाही. आईला उठवत नव्हतं आणि माणसं जेवायची थांबत नसतात. पण कुणीतरी मला घालवायला, पुढं ढकलायला उन्हातून चालत आलं होतं. त्या बाईंची ओटी भरायची राहिली, एवढंच.

नंतरचं सगळं लॅपटॉपवरच्या रकान्यांसारखं काही झालं नाही. पहिलं वर्षभर ईश्वरी जास्त करून बाकावर होती. ॲरिझोनातल्या एका मेळाव्यात आम्ही पहाटेच्या थंडीत ब्लँकेट घेऊन बसलो, आणि गोलमागं टोप्या घातलेल्या कॉलेजवाल्यांकडं सगळे आईबाप न बघितल्यासारखं करत होते. आमची खेळली अगदी शेवटची थोडी मिनिटं. डोक्यावर टॉवेल घ्यायचे दिवस तिनंही काढले. त्या दिवसांत ती संध्याकाळी मागच्या मैदानावर जाऊन एलेनाच्या लहान मुलींबरोबर खेळायची, आणि घरी येऊन पोटभर जेवायची. पुढं तिला जागा मिळाली. ज्या कॉलेजनं शेवटी घेतलं ते ओक्लाहोमातलं छोटंसं आहे, रकान्यांत कुठंच नव्हतं. त्यांची कोच एका मेळाव्याला आली होती समोरच्या संघातली मुलगी बघायला, आणि बघत राहिली आमच्या मुलीला. मी तिला विचारलंच, हिच्यात काय दिसलं? ती म्हणाली, बदली होऊन बाहेर आल्यावर ही बसली नाही, उभी राहून आत गेलेल्या मुलीला काहीतरी सांगत होती.

मग हे लीगमुळं झालं का? तो मेळावा मोठ्या लीगचा होता म्हणून ती कोच आली, हे खरं. आणि बदलीच्या मुलीशी असं बोलायचं ते एलेनानं शिकवलेलं, तेही खरं. मला अजून उलगडलेलं नाही. पण भीती गेली आहे आणि नुसती चौकशी उरली आहे, आणि चौकशीची मला सवय आहे.

कॉलेज बघायला गेलो तेव्हा ईश्वरी आणि हे पुढं गेले आणि मी मागं थांबले. फाटक शोधत होते. कुठंच फाटक नव्हतं. रस्ता होता, दोन्हीकडं झाडं, आणि गवतावर मुली पालथ्या पडून वाचत होत्या. ईश्वरी मागं वळून म्हणाली, "आई, काय झालं?" काही नाही म्हणाले आणि गेले आत. ऑगस्टमध्ये ती तिकडं जाईल.

आज संध्याकाळी मी मंजिरीला फोन लावला. तिला सांगितलं की लीग कुठली ते मला माहीत नाही, पण अन्वी बाकावर बसली तर तिच्याशी कोण बोलेल ते बघून ये, आणि आत्ताच्या कोचनं तिला जायला सांगितलंय का ते विचार. मंजिरी म्हणाली, अहो, तेच तर, आज मागच्या मैदानावर एलेनाकडंच आलोय, तिच्याशीच बोलायला, तुम्ही आहात का घरी?

मी कणीक मळत होते. तेवढ्यात मैदानावरून आवाज उठला. गोलाचाच. लहान मुलींचा, चिरका, एकदम उसळलेला. सवयीनं मी कान दिला, कुठल्या अंगानं आला ते बघायला. कळेना. दोन्हीकडून आल्यासारखा वाटला.

मी हात धुतले, परात झाकली, गॅस बंद केला आणि चपला घालून कुणी मारला ते बघायला खाली उतरले.